हॅडलिंगहो येथील लाभार्थ्यांची यादी

हॅडलिंगहो या गावात 'अँकर' नावाचा एकच पब आहे आणि त्याला दोन दारं आहेत. डावीकडच्या दाराने आत गेलं की उघडी फरशी, लाकडी बाकं, बिअर आणि बरणीत व्हिनेगरमध्ये बुडवलेली अंडी. उजवीकडच्या दाराने गेलं की गालिचा, वाइन आणि वाटीत ऑलिव्ह. मधल्या काउंटरमागे मालक डेरेक उभा असतो. त्याला दोन्हीकडे तोंड फिरवता येतं, म्हणून त्याचा धंदा टिकून आहे. ही व्यवस्था दीडशे वर्षांची असून पूर्वी तिचा संबंध फक्त बुटांच्या चिखलाशी होता. पण देशाने युरोपच्या व्यापारसंघातून बाहेर पडावं की नाही यावर मतदान झालं, तेव्हापासून डावीकडे 'निघूवाले' बसतात आणि उजवीकडे 'राहूवाले'. निघूवाले जिंकले, देश बाहेर पडला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मात्र बाहेर पडून फायदा झाला की तोटा, हे अजून ठरायचं आहे, आणि ते ठरेपर्यंत कोणीही दार बदलायला तयार नाही.

मॉरिस थ्रेडगोल्ड डावीकडे बसतो. खाडीच्या तोंडाशी त्याचा कालवांचा, म्हणजे ऑयस्टरच्या शिंपल्यांचा, पट्टा आहे आणि काठावर डांबर फासलेली लाकडी शेड. दोन्ही पणजोबापासून चालत आलेली. पूर्वी मंगळवारी पाण्यातून काढलेलं कालव बुधवारी दुपारी फ्रान्समध्ये कोणाच्या तरी ताटात पोचलेलं असे. आता निघण्याआधी त्या कालवाची प्रकृती उत्तम असल्याचा पशुवैद्याचा दाखला लागतो. इथले पशुवैद्य आयुष्यभर घोडे तपासत आलेले. ते कालवाला टिचकी मारतात, कानाला लावून बघतात आणि अकरा पानांवर सह्या करतात. एकदा चौथ्या पानावरची सही काळ्या शाईत झाली, आणि ती निळ्या शाईत हवी होती, म्हणून अख्खा ट्रक बंदरावरून परत आला. ट्रकमध्ये दिवसच्या दिवस पडून राहिलेलं कालव मरतं, आणि मेलं की तोंड उघडतं. हॅडलिंगहोमध्ये परिस्थितीविरुद्ध तोंड उघडणारा तेवढाच एक जीव.

मॉरिसने तोंड उघडणं शक्य नव्हतं. त्याने 'निघू'ला नुसतं मत दिलं नव्हतं, शेडवर दहा फुटी फलक लावला होता. त्याची बायको ग्लेनिस हिने 'राहू'ला मत दिलं होतं, आणि मतदानाला जाता जाता त्याला एकच विचारलं होतं, "मॉरिस, तुझी कालवं खातं कोण? या गावात तर कोणी तोंडाला लावत नाही." मॉरिसने तेव्हा उत्तर दिलं नाही. अजूनही दिलेलं नाही.

इकडे राजधानीत अर्थतज्ज्ञांचं भांडण रोज रंगत होतं. एक म्हणे, देशाचं चार टक्के नुकसान झालं. दुसरा म्हणे, नुकसान झालंच असेल तर ते रोगराईमुळे, लढायांमुळे आणि हवामानामुळे, बाहेर पडल्यामुळे नव्हे. तिसऱ्याचं म्हणणं, निष्कर्ष काढायला निदान पन्नास वर्षं थांबावं आणि तोवर त्याचं मानधन चालू ठेवावं. शेवटी सरकारने 'आर्थिक परिणाम निश्चिती खातं' स्थापन केलं. खात्याच्या पहिल्याच परिपत्रकात म्हटलं होतं की, ज्या अर्थी कोणत्याही पुराव्यावर दोन्ही बाजूंचा विश्वास नाही, त्या अर्थी पुरावा मागण्यात येऊ नये. नागरिकालाच विचारावं आणि त्याचा शब्द अंतिम मानावा. ज्यांना लाभ झाला त्यांनी सरकारजमा लाभांश भरावा, ज्यांची हानी झाली त्यांना त्यातून सांत्वन-अनुदान द्यावं. कल्पना इतकी न्याय्य होती की कोणालाच तिच्यात खोट काढता येईना.

या खात्याचे क्षेत्र-अधिकारी श्री. क्रिस्पिन वेल एका शुक्रवारी हॅडलिंगहोला आले. घरोघर फिरण्यापेक्षा पबमध्ये गाव एकत्र सापडेल असं त्यांना डेरेकने सांगितलं. त्यांनी डावं दार उघडलं आणि खिडकीखाली बसलेल्या मॉरिससमोर खुर्ची ओढली. त्याच सकाळी मॉरिसचा आणखी एक ट्रक परत आला होता. दुपारभर मॉरिस मेलेली कालवं फावड्याने खाडीत ढकलत होता, आणि तो वास अजून त्याच्या कोटाला होता.

"कसं काय चाललंय, मिस्टर थ्रेडगोल्ड?" वेल यांनी विचारलं. नियमावलीनुसार त्यांना हा एकच प्रश्न विचारायची परवानगी होती.

"तक्रार नाही," मॉरिस म्हणाला.

वेल यांनी ते लिहून घेतलं.

यात मॉरिसचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. डावीकडच्या दारातल्या माणसाला 'कसं चाललंय' विचारलं तर 'तक्रार नाही' म्हणायचं, हा तिथला शिरस्ता आहे. मॉरिसच्या वडिलांची दोन बोटं दोरखंडात अडकून तुटली, तेव्हा डॉक्टरला त्यांनी हेच सांगितलं होतं. आजोबांच्या घरावर बॉम्ब पडला, तेव्हा विटांच्या ढिगाऱ्यावर बसून त्यांनीही हेच सांगितलं होतं. त्या संध्याकाळी डावीकडच्या एकोणतीस माणसांनी हेच उत्तर दिलं. त्यांत कीथ होता, ज्याचं गॅरेज जर्मनीचे सुटे भाग वेळेवर येईनात म्हणून बंद पडलं होतं. "तक्रार नाही," कीथ म्हणाला, आणि बिअरचे पैसे डेरेकला पुढच्या आठवड्यात देतो म्हणाला.

मग वेल उजवीकडे गेले. तिथे हार्टनॉलबाई बसल्या होत्या. त्या पूर्वी शाळेत फ्रेंच शिकवत. निवृत्त झाल्यावर त्यांनी मॉरिसच्याच कालवांचा पहिला फ्रेंच अर्ज आपल्या जेवणाच्या टेबलावर भरून दिला होता. मग दुसरा कोणाचा, मग तिसरा. आता गावातली बंद पडलेली बँकेची इमारत त्यांनी घेतली होती आणि तिथे चौदा माणसं दिवसभर अर्ज भरत होती.

"कसं काय चाललंय, मिसेस हार्टनॉल?"

"काय सांगू," बाईंनी सुस्कारा टाकला, "कसंबसं चाललंय. पूर्वीचं काही राहिलं नाही हो. आमच्या फ्रान्समधल्या, प्रोव्हान्सच्या घरी आता सलग तीन महिन्यांच्या वर राहता येत नाही. जीव तुटतो."

हेही खोटं नव्हतं. उजवीकडच्या दारात आपलं बरं चाललंय असं सांगणं असभ्य समजतात. पशुवैद्यांनी नुकतीच नवी मोटार घेतली होती, तेही म्हणाले की दिवस कठीण आहेत. वेल यांनी तेही लिहून घेतलं.

पंधरा दिवसांनी पत्रं आली. मॉरिसच्या पत्रात त्याचं हार्दिक अभिनंदन केलं होतं. बाहेर पडल्यामुळे लाभ झालेल्या नागरिकांत त्याची गणना झाली असून, कालव-उत्पादक लाभार्थ्याचा सरासरी वाटा नऊ हजार पौंड एवढा निश्चित करण्यात आला होता. सोबत खिडकीत लावायला 'अभिमानी लाभार्थी' असा एक सोनेरी कागद होता.

ग्लेनिसने पत्र दोनदा वाचलं. मग पाकिटातला दुसरा कागद काढून टोस्टच्या बशीशेजारी ठेवला आणि त्यावर पेन ठेवलं.

"हा नमुना नऊ. नोंद चुकली असेल तर यावर सही करून द्यायची. एकच वाक्य आहे."

मॉरिसने वाचलं. 'बाहेर पडल्यामुळे माझे आर्थिक नुकसान झाले आहे असे मी मान्य करतो.' खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की पारदर्शकतेसाठी अर्जदारांची नावं चर्चच्या सभागृहाबाहेर तीस दिवस लावण्यात येतील.

"हे 'मान्य करतो' कशाला?" मॉरिस म्हणाला. "'नोंदवतो' म्हणायला काय झालं होतं त्यांना?"

"कारण मान्य करायचंय म्हणून."

"कीथ वाचेल."

"कीथ कर्जात आहे, मॉरिस. त्याला वाचायला वेळ नाही."

"नुकसान बाहेर पडल्यामुळे कुठे झालंय? ते शाईमुळे झालं."

"शाई कशामुळे लागली?"

मॉरिसने टोस्टवर लोणी लावलं. लावून झाल्यावर पुन्हा लावलं. ग्लेनिसने नमुना नऊ उचलून कपाटात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा बशीशेजारी होता, पेनासकट. मग रोजच असायचा.

डावीकडच्या दारात मात्र ते सोनेरी कागद भलतेच गाजले. तीन-चार जणांना चुकून पत्र आलं नव्हतं, ते चिडले. आपण काय तोट्यात गेलोय की काय, असा त्यांचा सवाल होता. कीथने खात्याला रागाने पत्र लिहून आपलं नाव यादीत घालून घेतलं. लाभांश भरण्यासाठी सभागृहाबाहेर रांग लागली आणि इंग्लंडात एकदा रांग लागली की ती कशाची आहे हे विचारायची पद्धत नसल्यामुळे शेजारच्या गावातलेही काही लोक तिच्यात येऊन उभे राहिले. मॉरिसने व्हॅन विकली आणि नऊ हजार भरले. घरी येताना तो बसने आला. बसही उशिरा आली, त्याबद्दल विचारल्यावर त्याने काय सांगितलं असेल हे उघड आहे.

उजवीकडे सांत्वन-अनुदानाचे चेक आले. "मी घेणारच नव्हते," हार्टनॉलबाई म्हणाल्या, "पण परत करायचा म्हटलं तर मला फायदा झाला असं लिहून द्यावं लागतं. तसं लिहून त्या लोकांच्या हाती कोलीत द्यायचं? नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे." पशुवैद्यांनाही तत्त्वाचाच प्रश्न होता. त्यांनी तत्त्वापोटी बागेत काचेची खोली बांधली.

खात्याने आकडेवारी प्रसिद्ध केली आणि हॅडलिंगहो देशभर गाजलं. टीव्हीवर दोन अर्थतज्ज्ञ समोरासमोर बसले. पहिला म्हणाला की एवढ्याशा गावात लाभांश भरायला रांगा लागतात, भरभराटीचा याहून धडधडीत पुरावा कोणता? दुसरा म्हणाला की त्याच गावात लाखो पौंडांचं सांत्वन वाटावं लागलं, सर्वनाशाचा याहून धडधडीत पुरावा कोणता? दोघांचेही आकडे अचूक होते. टीव्हीवाले मॉरिसकडेही आले आणि 'यशस्वी कालव-उद्योजक' म्हणून त्याला रिकाम्या शेडसमोर उभं केलं. मागे कालवं का दिसत नाहीत असं छायाचित्रकाराने विचारलं, तेव्हा मॉरिस म्हणाला, "सगळी गेली." ते तसं खरंच होतं. गिऱ्हाइकाकडे नव्हती गेली, एवढंच.

टीव्हीवर दिसल्यामुळे मॉरिसची बढती झाली. दुसरं पत्र आलं, त्यात त्याला 'सातत्यपूर्ण लाभार्थी' या वर्गात घालण्यात आलं होतं. आता वाटा दुप्पट होता. विकायला व्हॅन उरली नव्हती. उरला होता खाडीतला पट्टा आणि शेड.

"मॉरिस," त्या सकाळी ग्लेनिस म्हणाली, "पट्टा जाईल. तुझ्या पणजोबाने गुडघाभर चिखलात उभं राहून केलेला पट्टा. एक वाक्य आहे रे."

"माहितीये."

"मग?"

"नंतर बघू."

"मला तोंडाने सांगितलंस तरी चालेल. आधी मला सांग, मग सही कर."

 मॉरिसला वाईट वाटत होतं, पट्ट्याचं तर वाटतच होतं, पण त्याहून जास्त वाईट याचं वाटत होतं की ते वाक्य रात्री एकट्यानेही त्याच्या ओठांवर येत नव्हतं. त्याने दोनदा प्रयत्न केला होता, खाडीच्या काठावर, आजूबाजूला फक्त बगळे असताना. 'माझे आर्थिक' इथवर जमलं होतं.

पट्टा आणि शेड घेणार होत्या हार्टनॉलबाई. भरलेले अर्ज दहा वर्षं जपून ठेवावे लागतात आणि बँकेच्या इमारतीत त्यांना जागा उरली नव्हती. पैसे सांत्वन-अनुदानातले होते. शुक्रवारी दुपारी मॉरिस आणि ग्लेनिस बाईंच्या कचेरीत गेले. टेबलावर विक्रीचे कागद होते. घड्याळात साडेचार वाजले होते. समोरच्या सरकारी खिडकीवर नमुना नऊ स्वीकारायची शेवटची मुदत त्याच दिवशी पाचची होती.

बाईंनी कागद पुढे केले आणि मग हात मागे घेतला. त्या वाईट नव्हत्या. पहिला अर्ज त्यांनी याच माणसासाठी भरला होता.

"मिस्टर थ्रेडगोल्ड, मला हे बरं वाटत नाही. नमुना नऊवर सही करा ना. मी स्वतः धावत जाऊन देऊन येते. फी नको मला."

मॉरिसने विक्रीचे कागद बाजूला सरकवले. "करतो," तो म्हणाला. ग्लेनिसने पर्समधून नमुना नऊ काढला. "पण तुम्ही नमुना दहावर करत असाल तर."

नमुना दहा म्हणजे 'बाहेर पडल्यामुळे माझा आर्थिक लाभ झाला आहे असे मी मान्य करतो' हा कागद. बाईंच्या कचेरीत त्याचे गठ्ठे होते, कारण तो अजून कोणी मागितलाच नव्हता. बाईंचा चेहरा उतरला. बाहेर त्यांची चौदा माणसं अर्ज भरत होती, त्यांच्या पेनांचा आवाज आत येत होता.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "दोघांची नावं एकाच दिवशी लागतील. कोणी कोणाला हसायला नको."

दोन कागद टेबलावर आले. दोन पेनं आली.

"तुम्ही आधी," मॉरिस म्हणाला.

"छे, छे. तुम्ही आधी."

"असं कसं, तुमची कचेरी आहे."

"म्हणून तर तुम्ही पाहुणे."

"बाईमाणसाच्या आधी मी सही करत नसतो."

"आणि मी वडीलधाऱ्यांच्या आधी करत नसते."

"तुमच्यापेक्षा चारच महिन्यांनी मोठा आहे मी."

"मोठे ते मोठेच. करा तुम्ही, मी आहेच."

हे वीस मिनिटं चाललं. दोघांनीही आवाज चढवला नाही, दोघांनीही पेन खाली ठेवलं नाही. मध्ये चहा आला, तेव्हा दूध आधी कोणी घ्यायचं यावर आणखी तीन मिनिटं गेली. मग चर्चच्या घड्याळात पाचचे टोले पडले आणि समोरच्या सरकारी खिडकीची झडप खाली आली.

"अरेरे," हार्टनॉलबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं.

"काय करणार," मॉरिस म्हणाला. त्याच्याही आवाजात तेच होतं.

विक्रीच्या कागदांवर नवरा-बायको दोघांच्या सह्या लागणार होत्या, कारण लग्नानंतर मॉरिसने पट्टा दोघांच्या नावावर केला होता. बाईंनी वाया गेलेला नमुना नऊ आवरायला उचलला आणि सवयीने उलटून पाहिला. पंचवीस वर्षं वह्या तपासलेल्या बाई, त्यांना कागदाची मागची बाजू सोडवत नाही.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "ग्लेनिस, इथे टीप आहे. 'मालमत्ता सामाईक असल्यास कोणत्याही एका मालकाची सही पुरेशी आहे.' तूच करायचीस ना सही. वाचलं नव्हतंस का?"

"वाचलं होतं," ग्लेनिस म्हणाली. "पहिल्याच दिवशी."

मॉरिस तिच्याकडे वळला. "मग केली का नाहीस?"

"केली असती तर काय झालं असतं? पट्टा वाचला असता आणि तू जन्मभर म्हणाला असतास, मी कुठे काय मान्य केलं, ते ग्लेनिसनं केलं." तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज स्थिर होता. "मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं, मॉरिस. एकदाच. इतकी वर्षं माझं बरोबर होतं."

"आणि पट्टा?"

"वाटलं होतं, पट्टा जायच्या आत म्हणशील."

 विक्रीच्या कागदावर मॉरिसने सही केली, त्याच्याखाली ग्लेनिसने केली. यावेळी आधी कोणी करायची यावरून वाद झाला नाही.

वाचकहो, इथवर तुम्ही ग्लेनिसच्या बाजूने होतात. एकटी शहाणी बाई, तिचं ऐकलं असतं तर, असंच चाललं होतं ना मनात? तिचं बरोबरच होतं, शेवटच्या सहीपर्यंत बरोबर होतं. तुमचंही बरोबरच असणार, त्याबद्दल या कथेत काही शंका नाही. तेव्हा घरातल्या ज्या माणसाच्या तोंडून 'चुकलं माझं' ऐकायला तुम्ही वर्षानुवर्षं थांबला आहात, त्याच्याशेजारी जाऊन बसा, आणि तोवर तुमच्या दोघांच्या नावावरचं काय काय विकून झालं, ते तेवढं बघून घ्या.